रेड झिरो नव्या कर्नलवर उठत नाही: आधी वाचा, लिहू काही नका

वर्धा जिल्ह्यात देवळीकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब आणि संगणक दोन्ही सांभाळणाऱ्या एका भावाने विचारलं आहे. (रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेली एक साठवण, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि उबंटू हा लिनक्सचाच एक प्रकार.) त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत थोडक्यात देतो:

"दादा, आमचा सर्व्हर २०१४ चा. तीन डिस्क आहेत, एक ५०० जीबीची आणि दोन १ टीबीच्या. तिन्हींचा मिळून लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड झिरो केला होता. आधी उबंटू १४.०४ होतं, २०१७ मध्ये एका टेक्निशियनने १६.०४ करून दिलं. तेव्हापासून आधीच्या सीझनच्या काट्याच्या पावत्यांचे काही फोटो अर्धेच उघडत, व्हायरस असेल म्हणून सोडून दिलं. आता मदरबोर्ड गेला. नवीन मशीन घेतली, उबंटू २४.०४ टाकलं, जुन्या डिस्क लावल्या. डिस्क दिसतात, पण रेड उठूनच नाही राहिला. एक जण म्हणते नवा रेड क्रिएट करून टाक, दुसरा म्हणते जुना कर्नल टाक. दसरा तोंडावर आहे, काय करू?"

सोबत स्क्रीनचा फोटो आहे. त्यात कर्नलची ओळ स्पष्ट वाचता येते: "कॅनॉट असेंबल मल्टी-झोन रेड झिरो विथ डिफॉल्ट लेआउट सेटिंग". म्हणजे तुकडे मांडायची पद्धत (लेआउट) ठरलेली नसल्याने हा रेड उभा करता येत नाही. खालच्या ओळीत डिफॉल्ट लेआउट १ किंवा २ ठेवा असं सांगितलं आहे.

भाऊ, सगळ्यात आधी एक काम करा. मशीन बंद करा आणि तिन्ही डिस्कच्या केबल काढून ठेवा. कोणत्या डिस्कला कोणती केबल होती ते मार्करने डिस्कवरच लिहा. "क्रिएट करून टाक" सांगणाऱ्या माणसाला तुमच्या मशीनजवळ बसू देऊ नका. तो वाईट माणूस आहे असं नाही, पण त्या एका शब्दाने किती डेटा गेलेला मी पाहिलाय ते पुढे सांगतो. तुमच्या डिस्क बिघडलेल्या दिसत नाहीत. कर्नलने रेड उभा केला नाही तो मुद्दाम केला नाही, तुमचा डेटा आणखी खराब होऊ नये म्हणून. दाराशी कुणी अडवलं की आपल्याला राग येतो, पण इथे अडवणाऱ्याचं बरोबर आहे.

आता हे काय आहे ते नीट समजून घ्या, कारण ते समजल्याशिवाय १ टाकायचा की २ हे ठरवता येणार नाही. आणि तुमच्या बाबतीत उत्तर बहुधा "आधी १, मग २, दोन्ही" असं आहे.

रेड झिरोमध्ये डेटाचे ठरावीक मापाचे तुकडे पडतात. तुमच्या काळच्या उबंटूत हे माप सहसा ५१२ केबी असतं, त्याला चंक म्हणतात. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा पुन्हा पहिल्या. तिन्ही डिस्क सारख्या असत्या तर एवढंच. पण तुमची एक डिस्क लहान आहे. ती ५०० जीबीला भरली की संपली. मग उरलेल्या दोन डिस्कवर आणखी ५००-५०० जीबी जागा राहते, तिच्यात तुकडे दोघींमध्येच वाटले जातात. म्हणजे तुमच्या रेडचे दोन पट्टे झाले: पहिला तीन डिस्कचा, साधारण १.५ टीबीचा; दुसरा दोन डिस्कचा, साधारण १ टीबीचा. कर्नलच्या भाषेत हे झोन. एकाहून जास्त झोन म्हणून मल्टी-झोन.

भानगड दुसऱ्या पट्ट्यात आहे. तुमच्याच जिनिंगचं उदाहरण घेतो. गोदामात रुईच्या गाठींची एक मोठी थप्पी तीन रांगांची आहे, तिच्या पुढे दुसरी थप्पी दोन रांगांची. गाठींना नंबर आहेत आणि कोणती गाठ कोणत्या रांगेत हे नंबरावरूनच ठरतं. जुना मुनीम गोदामाच्या फाटकापासून सलग नंबर मोजायचा आणि त्या सलग नंबरावरून दुसऱ्या थप्पीतली रांग ठरवायचा. नवा मुनीम आला. तो दुसऱ्या थप्पीजवळ गेला की पुन्हा एकपासून मोजायला लागतो आणि त्या नंबरावरून रांग ठरवतो. गाठी सगळ्या जागेवर आहेत, एकही हरवलेली नाही. पण नवा मुनीम डाव्या रांगेत हात घालतो तेव्हा त्याला हवी ती गाठ उजव्या रांगेत असते.

लिनक्स कर्नलमध्ये असा मुनीम बदलला तो ३.१४ या आवृत्तीत, मार्च २०१४ मध्ये. कुणी ठरवून केलं नव्हतं. डिस्कवरच्या मागण्यांचे तुकडे पाडायच्या कोडमध्ये साफसफाई चालली होती, तीत दुसऱ्या आणि पुढच्या झोनचा हिशेब नकळत बदलला. सारख्या मापाच्या डिस्क असलेल्यांना काहीच जाणवलं नाही, कारण त्यांचा झोन एकच. वेगवेगळ्या मापाच्या डिस्कचा रेड झिरो वापरणारे थोडे, म्हणून ही चूक पाच वर्षं तशीच राहिली. ती लक्षात आली तोवर ३.१४ च्या आधीच्या पद्धतीने लिहिलेल्या डिस्कही जगभर होत्या आणि नंतरच्या पद्धतीने लिहिलेल्याही. प्रत्येक डिस्कवर रेडची जी नोंद असते तिच्यात कोणती पद्धत ते लिहिलेलंच नव्हतं. मग नोव्हेंबर २०१९ च्या ५.४ कर्नलपासून विकासकांनी ठरवलं की अशा रेडची पद्धत माणसाने सांगितल्याशिवाय तो उभाच करायचा नाही. १ म्हणजे ३.१४ च्या आधीची मूळ पद्धत, २ म्हणजे ३.१४ पासूनची बदललेली. मला हा निर्णय पूर्ण पटतो. चुकीचा अंदाज करून उभा राहिलेला रेड हा न उभ्या राहिलेल्या रेडपेक्षा फार वाईट.

आता तुमच्या सर्व्हरचा इतिहास यावर ठेवून पाहा. उबंटू १४.०४ आलं एप्रिल २०१४ मध्ये, ३.१४ कर्नल निघाल्यावर, पण त्यात कर्नल होता ३.१३. म्हणजे २०१४ ते २०१७ तुमच्याकडे जुना मुनीम. उबंटू १६.०४ मध्ये कर्नल ४.४, म्हणजे २०१७ पासून नवा मुनीम. आणि बरोबर तेव्हापासूनच जुन्या पावत्यांचे फोटो अर्धे उघडायला लागले. तो व्हायरस नव्हता, भाऊ. ज्या फायली पहिल्या पट्ट्यात होत्या त्या नीट उघडत राहिल्या, दुसऱ्या पट्ट्यातल्यांचे तुकडे उलटसुलट वाचले जाऊ लागले. दीड एमबीचा फोटो म्हणजे ५१२ केबीचे तीन तुकडे. पावतीचं डोकं, शेतकऱ्याचं नाव, गाडी नंबर दिसतो, आणि वजनाच्या ओळीपासून खाली करडा पट्टा किंवा भलत्याच चित्राचे रंग. हे असंच व्हायचं ना तुमच्याकडे? व्हायरस फायली असा मोजून अर्ध्यावर कापत नाही.

एक बारीक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण वेगवेगळ्या मापाच्या डिस्क असल्या म्हणजे दोन पद्धती वेगळ्या निघतीलच असं नाही. पहिल्या पट्ट्यातल्या एकूण तुकड्यांना दुसऱ्या पट्ट्यातल्या डिस्कच्या संख्येने पूर्ण भाग गेला, तर दोन्ही मुनीम एकाच रांगेत हात घालतात. तुमच्याकडे दुसऱ्या पट्ट्यात दोन डिस्क, म्हणून प्रश्न सम-विषमाचा आहे. लहान डिस्कवरचे तुकडे सम असतील तर काही फरक नाही, विषम असतील तर दुसऱ्या पट्ट्यातल्या शेजारशेजारच्या तुकड्यांची जोडीजोडीने अदलाबदल होते. तुमचे फोटो बिघडले त्यावरून विषमच असणार असा माझा कयास आहे, पण कयासावर थांबू नये. मोजून पाहता येतं, शेवटी सांगतो. आणि दुसऱ्या पट्ट्यात एकच डिस्क उरत असेल, जसं १ टीबी आणि २ टीबीच्या दोनच डिस्कच्या रेडमध्ये, तर फरकाचा सवालच नाही. तरी ५.४ नंतरचे सुरुवातीचे कर्नल अशा रेडलाही अडवत. पुढच्या कर्नलमध्ये ती अडवणूक काढली.

आता काम. घाई करू नका. दसऱ्याला काटा सुरू करायचा तर तो रिकाम्या नव्या डिस्कवरही सुरू होतो; नव्या सीझनच्या पावत्या तिथे जाऊ द्या. जुन्या हिशेबाचं काम बाजूला, वेगळ्या मशीनवर, शांतपणे करा.

पहिलं, तिन्ही डिस्कच्या पूर्ण प्रती काढा. ४ टीबीची एक बाहेरची डिस्क पुरते, तिघींचं मिळून २.५ टीबी होतं. प्रत म्हणजे फायलींची कॉपी नव्हे, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू ही कमांड वापरा. मध्येच वीज गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं, त्यासाठी मॅप फाइल (कुठवर वाचलं याची नोंद) द्यायला विसरू नका. सेकंदाला १०० एमबी धरले तर १ टीबीला तीन तासांच्या आसपास लागतात, जुन्या डिस्कला जास्त. रात्रभराचं काम आहे. दुपारी करू नका. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत दहा वर्षांची डिस्क सलग आठ तास वाचायला लावणं म्हणजे तिला मारणं. आणि मशीन जिनच्या शेडमधून काढून ऑफिसात आणा. मी जिनिंगमधले सर्व्हर उघडतो तेव्हा पंख्याच्या पात्यांवर रुईचा बोटभर जाड थर असतो, पंखा फिरतो पण हवा जात नाही. आधी ते ब्रशने काढा. यूपीएस लावा. घरचा इन्व्हर्टर त्याच्या जागी चालेल असं समजू नका, वीज जाण्या-येण्याच्या क्षणी पुष्कळ इन्व्हर्टर इतका वेळ घेतात की संगणक बंद पडून परत सुरू होतो.

प्रती झाल्या की मूळ डिस्क कपाटात. यापुढे त्यांना हात नाही.

दुसरं, प्रतींच्या प्रतिमा लूप डिव्हाइस म्हणून जोडा (म्हणजे फाइलच डिस्कसारखी दिसते), फक्त वाचण्यापुरत्या. रेड उभा करण्याआधी कर्नलला पद्धत सांगा. दोन मार्ग आहेत. ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना कर्नल निवडायची यादी) कर्नलच्या ओळीला "रेडझिरो डॉट डिफॉल्ट अंडरस्कोर लेआउट" बरोबर १ असं जोडून मशीन सुरू करायची, किंवा चालू मशीनमध्येच सिसएफएसखाली (कर्नलच्या सेटिंगचं फोल्डर) रेडझिरो मॉड्यूलच्या पॅरामीटरमध्ये १ लिहायचा. दुसरा मार्ग बरा, कारण मशीन पुन्हा सुरू न करता १ चा २ करून पाहता येतो. मग एमडी-अ‍ॅडमला (रेड सांभाळणारी कमांड) असेंबल, म्हणजे रेड उभा करायला सांगा, सोबत रीड-ओन्ली. इथे दोन खबरदाऱ्या आहेत. मी स्वतः त्या न घेतल्याने पस्तावलोय, म्हणून दोन्ही ठळकपणे सांगतो. एक, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय काय जोडायचं त्याची यादी) जुन्या रेडची ओळ असेल तर ती आधी बंद करा. नाहीतर मशीन सुरू होतानाच फाइलसिस्टिमची तपासणी आपोआप लागेल आणि चुकीच्या पद्धतीने वाचलेल्या डेटाची "दुरुस्ती" करून टाकेल. दोन, एक्सटी-फोर फाइलसिस्टिम रीड-ओन्ली माउंट केली (वापरायला जोडली) तरी तिचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, अर्धवट असेल तर ती ते लावायला पाहते, म्हणजे लिहायला पाहते. म्हणून माउंट करताना "नोलोड" द्या. खाली प्रतिमा रीड-ओन्ली असल्या तर लिहिलं जाणार नाहीच, तरी सवय लावून घ्या.

१ ठेवून माउंट झालं की २०१४ ते २०१६ च्या सीझनच्या फायली उघडून पाहा. नुसती फोल्डरची यादी दिसली म्हणजे झालं असं नाही. फाइलचं नाव एका ठिकाणी असतं, तिचा मजकूर दुसरीकडे. मोठ्या फायली पाहा, एक एमबीच्या वरच्या, म्हणजे एकाहून जास्त तुकड्यांवर पसरलेल्या. एक्सेलच्या नव्या प्रकारच्या फायली आतून झिप असतात आणि झिपमध्ये प्रत्येक भागाची तपासणी-बेरीज असते, म्हणून "अनझिप"ला नुसती चाचणी करायला सांगितलं की फाइल शाबूत आहे की नाही ते कळतं. शेकडो फायली असल्या तरी एका लूपमध्ये तासाभरात यादी तयार होते. शाबूत निघाल्या त्या वेगळ्या डिस्कवर कॉपी करा.

मग माउंट काढा, रेड थांबवा, पॅरामीटरमध्ये २ लिहा, पुन्हा उभा करा आणि २०१७ पासूनच्या फायली त्याच पद्धतीने तपासा.

दोन्हींमधून जे शाबूत निघेल ते तुमचं. सगळं निघेलच असं मी सांगणार नाही. २०१७ नंतर नव्या मुनिमाने ज्या जागा रिकाम्या समजून नव्या गाठी ठेवल्या, त्यांतल्या काही जागी जुन्या पद्धतीच्या गाठी असतील, त्या दाबल्या गेल्या. शिवाय त्या टेक्निशियनने तेव्हा फाइलसिस्टिमची दुरुस्ती चालवली असेल, तर "लॉस्ट अँड फाउंड" फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाच्या पुष्कळ फायली सापडतील. त्या फेकू नका. त्यांत काही पावत्या पूर्ण असतात, फक्त नाव गेलेलं असतं. "फाइल" कमांडने प्रकार ओळखा आणि फोटो असतील तर एकेक पाहून सीझनप्रमाणे लावा. कंटाळवाणं काम आहे, पण त्या पावतीवर एखाद्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कापसाचं वजन आहे. वाद निघाला तर तोच एक कागद असतो.

डिस्कवरच्या नोंदीत पद्धत कायमची लिहिण्याचीही सोय आहे. एमडी-अ‍ॅडमच्या ४.२ आणि पुढच्या आवृत्तीत असेंबल करताना अपडेट म्हणून "लेआउट-ओरिजिनल" किंवा "लेआउट-ऑल्टरनेट" देता येतं. एकदा दिलं की पुढे विचारणा होत नाही. ज्यांचा रेड जन्मापासून एकाच पद्धतीने चालला त्यांनी खुशाल द्यावं. तुमचा दोन पद्धतींनी लिहिलेला आहे, तुम्ही देऊ नका. आणि देणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं: ही नोंद केली की जुना कर्नल तो रेड उभा करणार नाही, कारण त्याला ती खूण ओळखता येत नाही आणि न ओळखलेली खूण दिसली की तो माघार घेतो.

आता "जुना कर्नल टाक" म्हणणाऱ्या मित्राबद्दल. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. १४.०४ च्या अगदी पहिल्या, एप्रिल २०१४ च्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केली तर ३.१३ कर्नल जुन्या पद्धतीनेच वाचेल. पण नवीन मदरबोर्डवर तो कर्नल सुरू होईल, त्याचा नेटवर्क कार्ड, त्याची एनव्हीएमई डिस्क ओळखेल याची खात्री नाही. आणि नुसता कर्नलचा आकडा पाहून निष्कर्ष काढणंही धोक्याचं. सेंट ओएस ७ मध्ये (रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवरून बनलेला प्रकार) कर्नल ३.१० दिसतो, पण रेड हॅटने त्याच्यात पुढच्या आवृत्त्यांतले शेकडो बदल मागे आणून घातलेले आहेत. कागदावर ३.१०, आत बरंच काही नवं. म्हणून आकडा हा पुरावा समजू नका, फाइल उघडून पाहणं हाच पुरावा.

क्रिएटबद्दल आता सांगतो. २०१४ च्या उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेतून फोन आला. चार डिस्कचा रेड फाइव्ह (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो असा प्रकार), जुन्या २.६.३२ कर्नलवर तयार केलेला. मशीन बदलली, रेड उठला नाही, आणि मदतीला आलेल्या मुलाने त्याच चार डिस्क, तोच क्रम, तोच चंक देऊन क्रिएट केलं. त्याचा समज असा की सगळं तेच दिलं म्हणजे रेडही तोच होणार. मी पोहोचलो तेव्हा स्क्रीनवर रिकव्हरीची टक्केवारी चढत होती आणि मॅनेजरसाहेब हात जोडून उभे होते. मी आधी ते थांबवलं, मग जुन्या कागदावरची नोंद आणि डिस्कवरची नवी नोंद शेजारी ठेवली. जुन्यात "डेटा ऑफसेट २०४८ सेक्टर", नव्यात "डेटा ऑफसेट २६२१४४ सेक्टर". २०४८ सेक्टर म्हणजे १ एमबी, २६२१४४ म्हणजे १२८ एमबी. मधल्या काळात एमडी-अ‍ॅडमने डिस्कच्या सुरुवातीला सोडायची जागा वाढवली होती, म्हणजे नव्या रेडचा डेटा जिथे सुरू होतो असं तो समजत होता ती जागाच वेगळी. आणि रेड फाइव्ह क्रिएट केला की एमडी-अ‍ॅडम सवयीने एक डिस्क पुन्हा भरायला घेतं, ती भरत होती चुकीच्या हिशेबाने. एक डिस्क गेलीच होती. उरलेल्या तिघींवर जुना ऑफसेट देऊन बरंच परत आलं, बाकीचं मॅनेजरसाहेब रोज संध्याकाळी घरी नेत त्या पेन ड्राइव्हवरून. त्या पेन ड्राइव्हशिवाय त्या गावातल्या ठेवीदारांना मी काय तोंड दाखवलं असतं, हा विचार आजही येतो.

एमडी-अ‍ॅडमच्या आवृत्त्यांमध्ये असं आणखीही बदललं आहे. ३.१ मध्ये चंकचं माप ६४ केबीवरून ५१२ केबी झालं. नोंदीचा प्रकार पूर्वी ०.९० असायचा, डिस्कच्या शेवटी लिहिलेला. २०१० नंतर १.२ झाला, सुरुवातीपासून ४ केबी आत. ०.९० चे रेड पूर्वी कर्नल स्वतःच सुरू होताना ओळखून उभे करायचा, १.२ चे तसे होत नाहीत, त्यांना इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना आधी चढणारी छोटी फाइलसिस्टिम) लागतो. म्हणून क्रिएट हा शब्द जुन्या डेटावर कधीच वापरू नये. वापरावाच लागला तर प्रतीवर, जुन्या नोंदीतला प्रत्येक आकडा हाताने देऊन, आणि "अझ्यूम-क्लीन" (डिस्क पुन्हा भरायला घेऊ नको) लावून.

तुमचा प्रश्न रेड झिरोचा आहे, पण जिल्ह्यात इतर ठिकाणीही आता २४.०४ टाकणं चाललंय म्हणून एक इशारा. त्यात मूळ कर्नल ६.८ आहे आणि ६.८ मधून रेडचा "लिनियर" प्रकार काढून टाकला होता. डिस्क एकापुढे एक जोडून केलेली जुनी साठवण असेल तर ती ६.८ वर उभी राहणार नाही, डिस्क ठणठणीत असल्या तरी. ६.१४ मध्ये लिनियर परत आणला. तसंच कुणाच्या जुन्या सर्व्हरवर रायझरएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर ६.१३ पासून कर्नलमधून ती फाइलसिस्टिमच गेली. आत्ताच डेटा काढून घ्या. सर्वसाधारणपणे नवा कर्नल जुनं वाचतो आणि जुना कर्नल नवं वाचत नाही, आणि बहुतेक वेळा तसंच होतं. रेड फाइव्हला जर्नलची सोय ४.४ पासून आली, पीपीएल ही तशीच दुसरी सोय ४.१२ पासून; ते वापरलेला रेड त्याहून जुन्या कर्नलकडे नेला तर तो नाकारणारच. पण रेड झिरो, लिनियर आणि रायझर हे उलट दिशेचे अपवाद आहेत आणि माणूस नेमका तिथेच बेसावध असतो.

रेड उभा राहिला पण एमडी-झिरोऐवजी एमडी-१२७ नावाने, म्हणून घाबरून फोन करणारे पुष्कळ असतात. त्यात काही बिघाड नसतो. नव्या मशीनच्या एमडी-अ‍ॅडम कॉन्फमध्ये त्या रेडची ओळ नसते किंवा इनिटरॅमएफएस पुन्हा तयार केलेला नसतो, एवढंच. ओळ घाला, इनिटरॅमएफएस अपडेट करा. एफएसटॅबमध्ये नावाऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख-क्रमांक) लिहिला तर हा त्रास कायमचा जातो.

पुढची मांडणी काय ठेवावी हेही विचारलंत तर माझं मत स्पष्ट आहे. जिनिंगच्या हिशेबाला रेड झिरो नको. तीन डिस्कपैकी एक गेली तरी सगळं जातं, आणि तुमचा वेगाचा प्रश्न नाहीच, काट्याच्या पावतीला कितीसा वेग लागतो. एकाच मापाच्या दोन डिस्क घ्या, रेड वन करा (दोन्ही डिस्कवर तोच डेटा). दोन्ही एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतल्या तर निदान कंपनी वेगळी घ्या. राइट-इंटेंट बिटमॅप चालू ठेवा, म्हणजे वीज अचानक गेली तरी सगळी डिस्क नव्याने जुळवावी लागत नाही, बदललेला भागच जुळतो. आणि रोज संध्याकाळी तिसऱ्या डिस्कवर बॅकअप, जी मशीनला कायम जोडलेली नसेल. रेड हा बॅकअप नाही. चुकून पुसलेली फाइल रेड वन दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने पुसतो.

अपग्रेड करण्याआधी दर वेळी तीन गोष्टींचं प्रिंट काढून फाइलला लावा: चालू कर्नलची आवृत्ती, एमडीस्टॅटचा मजकूर (रेडची चालू स्थिती), आणि प्रत्येक डिस्कचं एमडी-अ‍ॅडम एक्झामिन (डिस्कवरची रेडची नोंद). कागदावर. त्या पतसंस्थेत जुना कागद नसता तर २०४८ हा आकडा मला कुठूनच मिळाला नसता. आणि जुना कर्नल ग्रबच्या यादीतून लगेच काढू नका, महिनाभर राहू द्या.

आता सम-विषमाचा हिशेब. प्रती काढून झाल्या की ५०० जीबीच्या प्रतीवर एक्झामिन चालवा. हा फक्त वाचतो, लिहीत काही नाही. त्यात "अव्हेल डेव्ह साइज" या ओळीत सेक्टरांचा आकडा असेल. चंक साइजची ओळ ५१२ के दाखवत असेल तर एका तुकड्यात १०२४ सेक्टर. सेक्टरांना १०२४ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या. उरलेला पूर्ण आकडा विषम असेल तर वर सांगितलेलं सगळं तुम्हाला लागू. सम असेल तर दोन्ही पद्धती तुमच्याकडे एकच, १ टाका किंवा २ टाका, सारखंच वाचलं जाईल, आणि मग फोटो बिघडण्याचं कारण वेगळं शोधावं लागेल, बहुधा डिस्कचे खराब सेक्टर. डीडीरेस्क्यूच्या मॅप फाइलमध्ये ते दिसतीलच. तिन्ही डिस्कचे एक्झामिन आणि ती मॅप फाइल मला पाठवा, हिशेब जुळवून पाहतो.